तिसऱ्या हाकेला

१

तीनदाकाकांना त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर तेही क्षणभर अडखळले असते. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं आणि प्रत्येक गोष्ट तीनदा केली. बंद केलेली लाइन खरंच बंद आहे का, हे बघायला बाकीचे लोक टेस्टर एकदा टेकवतात आणि पक्कड हातात घेतात. काका आधी टेस्टर चालू लाइनला लावायचे, मग बंद लाइनला आणि मग पुन्हा चालू लाइनला. मधल्या मध्ये टेस्टरच मेला असेल तर काय घ्या, असं त्यांचं म्हणणं. काका चहात साखर आहे का हेही तीनदा चाखून बघतात आणि तोवर कप रिकामा होतो, अशी चेष्टा धंद्यातले लोक करत. काका ती चेष्टा मनावर घेत नसत, कारण चेष्टा करणाऱ्यांपैकी दोघांचे हात भाजलेले होते.

फ्यूजचंही असंच. काढलेला फ्यूज त्यांनी कधी बोर्डावर ठेवला नाही. तरुणपणी त्यांच्या जोडीदाराने ठेवला होता. घरच्या कुणीतरी तो पडलेला पाहून, मदत करावी म्हणून परत खाचेत बसवला आणि जोडीदाराची दोन बोटं गेली. तेव्हापासून फ्यूज काढला की काकांच्या शर्टाच्या खिशात. फ्यूज माझ्या खिशात असला की लाइन माझ्या मुठीत, असं ते म्हणायचे.

आणि शेवटची सवय हाकेची. लाइन द्यायच्या आधी ते जागेवरून ओरडत, "देऊ?" पलीकडे तारांपाशी जो असेल त्याने गप्प राहायचं. दुसऱ्यांदा "देऊ?" तरी गप्प. तिसऱ्या हाकेलाच उत्तर द्यायचं, "द्या." पहिली हाक कानाची, दुसरी भ्रमाची, तिसरी माणसाची, असा त्यांचा हिशोब. त्यांची एकुलती एक लेक, चिंगी, सात वर्षांची असल्यापासून सुट्टीत त्यांच्याबरोबर कामावर जायची. दिव्याखाली उभी राहून, श्वास रोखून, ती तिसऱ्या हाकेची वाट बघायची. मग "द्या, बाबा" म्हणायची आणि दिवा लागायचा. आपल्या बोलण्याने दिवा लागतो असंच तिला बरीच वर्षं वाटत होतं.

२

आता चिंगीने आणि तिच्या नवऱ्याने जुनं घर घेतलं होतं. तिसऱ्या मजल्यावर, भिंती जाड, खिडक्या मोठ्या. रविवारी आधीचं भाड्याचं घर सोडायचं होतं, त्यामुळे रविवारपर्यंत स्वयंपाकघराची लाइन तयार व्हायला हवी होती. जावई म्हणाला होता, बाहेरचा माणूस बोलावू, सासऱ्यांना कशाला त्रास. त्रास हा शब्द त्याने जपून वापरला. वर्षभरापासून काकांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता, आणि लेक दर भेटीत काम सोडा म्हणून मागे लागली होती. शेवटी तडजोड झाली. हे शेवटचं काम, आणि ते काकांनीच करायचं.

काकांना त्या स्वयंपाकघराची फार काळजी लागली होती. परक्याच्या घरात चूक झाली तर माणूस माफी मागतो. इथे त्यांची लेक रोज ओल्या हाताने बटणं दाबणार होती.

रविवारी सकाळी त्यांनी दाराजवळच्या बोर्डातून स्वयंपाकघराचा फ्यूज काढला. जुन्या पद्धतीचा, पांढऱ्या चिनी मातीचा. तो खिशात टाकला, टेस्टर तीनदा लावला आणि आत गेले. ओट्याच्या वर सहा स्विचची एक पट्टी होती. खालच्या जड यंत्रांचे प्लग मागे असतात, यंत्र सरकवल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणून त्यांचे स्विच असे वर घेतात. काकांनी पट्टी उघडली, जुन्या तारा ओढून नव्या घातल्या. फ्रिज, ओव्हन, भांड्यांचं मशीन, कपड्यांचं मशीन, पंखा. पाच झाले.

सहाव्याच्या मागे काहीच नव्हतं. तार नाही, तार तुटल्याची खूण नाही, स्क्रूवर ओरखडा नाही. काकांनी बॅटरी मारून भिंतीतली नळीही बघितली. राहू दे, पुढे काही नवीन घेतलं तर उपयोगी पडेल, असा विचार करून त्यांनी पट्टी परत बसवली आणि सहज म्हणून सगळे स्विच एकेकदा खालीवर केले.

रिकामा स्विच दाबला की कोरडा, हलका आवाज येतो. त्यावर भार असला, म्हणजे त्यातून वीज जात असली, की तोच आवाज किंचित जड येतो. हा फरक कुणी शिकवत नाही, वीसेक वर्षांनी कानाला आपोआप कळायला लागतो. पहिले पाच कोरडे वाजले. फ्यूज खिशात होता, तसे वाजायलाच हवे होते. सहावा जड वाजला.

काकांनी तो परत दाबला. जड. तिसऱ्यांदा दाबला. जडच.

जुना स्विच आहे, आतली पट्टी गंजली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कानही आता आपल्यासारखेच झालेत, हेही सांगितलं. दुसरं कारण त्यांना जास्त पटलं आणि म्हणून जास्त लागलं.

३

दुपारी यंत्रं आली. हमालांनी ती जागेवर लावली आणि गेले. जावई जुन्या घरी उरलेलं सामान आणायला गेला. चिंगी हॉलमध्ये जमिनीवर बसून पांढऱ्या चिकटपट्टीच्या तुकड्यांवर स्विचची नावं लिहीत होती, कारण काकांचं अक्षर आता काकांनाच वाचता येत नव्हतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत ताटं सरकवायला एक लहान खिडकी होती. तिची फळी रंगाने चिकटून बसली होती आणि वीतभरच उघडत होती. तिथून चिंगीने पाच नावं आत दिली. काकांनी ती एकेक करून चिकटवली. सहाव्यावर काय लिहू, असं तिने विचारलं. काही नको म्हणाले.

मग फक्त पट्टीचा शेवटचा स्क्रू पिळायचा राहिला. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. बसला की निसटे. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी निसटला आणि पट्टीवर लांब ओरखडा उठला. खिडकीतून चिंगी बघत होती.

काकांनी कसाबसा स्क्रू पिळला, जरा खालून येतो म्हणाले आणि जिना उतरले. खाली कट्ट्यावर बसले. हात मांडीखाली दाबून धरला. शेवटचं काम, आणि लेकीसमोर अशी शोभा झाली. थोड्या वेळाने उठले ते चालतच राहिले आणि घर आल्यावर थांबले. बायकोने काय झालं विचारलं, त्यांनी डोकं दुखतंय सांगितलं, गोळी घेतली आणि उजेड असतानाच पांघरूण ओढून घेतलं.

४

सकाळी बायको कपडे भिजवत होती. बाहीला कथिलाच्या थेंबाने भोक पडलेला कालचा शर्ट तिने बादलीत टाकला आणि खिशातली वस्तू आणून काकांच्या हातावर ठेवली.

"अहो, हे काय घेऊन फिरता? गरम लागतंय हाताला."

पांढरा फ्यूज होता. खरंच कोमट होता. खिडकीतून ऊन आत आलं होतं, त्यामुळे असेल. काकांच्या काळजात मात्र चर्र झालं, ते वेगळ्याच कारणाने. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते गिऱ्हाइकाचा फ्यूज घरी घेऊन आले होते. म्हणजे लेकीचा फ्रिज रात्रभर बंद राहिला असणार, आणि बाबा विसरले हे तिने नवऱ्याला खालच्या आवाजात सांगितलं असणार.

तेवढ्यात तिचाच फोन आला. आवाज खुशीत होता. सगळं छान चालू आहे, बर्फसुद्धा झाला, आज सकाळी कपडे लावलेत, असं ती सांगत होती. काकांनी फ्यूज दुसऱ्या हातात घेतला आणि फ्यूज कुणी बसवला म्हणून विचारलं.

"तुम्हीच की," चिंगी म्हणाली. "खालून आल्यावर."

काकांनी फोन कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा कानाला लावला आणि मी येतो, एवढंच म्हणाले.

५

वाटेत त्यांनी सगळी कारणं लावून पाहिली. जावयाने खाचेत तारेचा तुकडा खोचला असेल. शेजाऱ्याची लाइन उलटी येत असेल, जुन्या इमारतींत असे घोळ असतात. किंवा ते स्वतःच परत वर गेले, फ्यूज बसवला, तसलाच दुसरा खिशात टाकला आणि हे सगळं विसरले. हे शेवटचं कारण त्यांना सगळ्यात नको होतं, आणि तेच खरं निघावं असं आता वाटायला लागलं होतं.

दार चिंगीने उघडलं. जावई कामावर गेला होता. काका चपला न काढताच दाराजवळच्या बोर्डापाशी गेले. स्वयंपाकघराच्या फ्यूजची खाच रिकामी होती. तारेचा तुकडा नव्हता. त्यांनी टेस्टर खाचेच्या वरच्या बाजूला लावला, पेटला. खाचेच्या खालच्या बाजूला लावला, मेलेली. परत वर लावला, पेटला.

आत कपड्यांचं मशीन पाणी उपसत होतं. फ्रिज घुमत होता.

ते स्वयंपाकघरात गेले. पंखा फिरत होता. पट्टीवर त्यांचाच ओरखडा होता आणि चिंगीच्या गोल अक्षरातली नावं ओळीने होती. सहाव्या स्विचखालीही एक चिकटपट्टी होती. तिच्यावर 'बाबा' असं लिहिलं होतं. सहावा स्विच तेवढा बंद होता.

हे कुणी लिहिलं म्हणून काकांनी विचारलं तेव्हा आवाज शक्य तेवढा सपाट ठेवला. चिंगीला हसू आलं. ती काल संध्याकाळचं सांगू लागली. काका खाली गेले, ती आतल्या खोलीत कपाट लावत बसली. मग स्वयंपाकघरातून त्यांचं नेहमीचं सुरू झालं. फ्रिज, देऊ? असं तीनदा. ती तिथूनच द्या म्हणाली. मग ओव्हन, मग भांडी, मग कपडे, मग पंखा. लहानपणाची आठवण झाली, बरं वाटलं. मग ती हॉलमध्ये आली आणि खिडकीपाशी जाऊन, सहाव्याला काहीच नाव नाही का द्यायचं, असं तिने गमतीने विचारलं.

"तुम्ही म्हणालात, माझं नाव लिही. मी लिहून आत सरकवलं. तुम्ही हात पुढे करून घेतलंत." चिंगीने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "बाबा, तुमचा हात जराही थरथरत नव्हता. मला इतकं बरं वाटलं. वाटलं, उगीच तुमच्या मागे लागले मी, काम सोडा म्हणून. मग तुम्ही न सांगता निघून गेलात, तर म्हटलं रागावले असतील."

लेकीला जे पाहून बरं वाटलं होतं, ते त्यांचं नव्हतं.

६

त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला हॉलमध्ये, बोर्डापाशी आणलं. खिशातला फ्यूज दाखवला. ती आधी फ्यूजकडे बघत राहिली, मग रिकाम्या खाचेकडे, मग काकांच्या चेहऱ्याकडे. डोक्यात काहीतरी बिघडलेल्या माणसाकडे बघावं तशी. दुसरा असेल बाबा, ती हळूच म्हणाली. काकांनी घराचा मेन स्विच खाली ओढला.

हॉलचा दिवा गेला. आतल्या खोलीतला पंखा मंदावत थांबला. स्वयंपाकघरात मशीन कपडे घुसळत राहिलं.

आता चिंगीने त्यांचा हात घट्ट धरला. काका निघू या म्हणणार, एवढ्यात आतून हाक आली.

"देऊ?"

आवाज त्यांचाच होता. चाळीस वर्षं भिंतींपलीकडून ओरडून कमावलेला, शेवटी जरा वर चढणारा. चिंगीने झटकन काकांच्या ओठांकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते.

भिंतीतल्या खिडकीची वीतभर फट समोरच होती. तिथून स्विचची पट्टी दिसत होती. पट्टीवर एक हात होता. बाहीला कथिलाच्या थेंबाने पडलेलं भोक होतं. तो शर्ट या क्षणी काकांच्या घरी बादलीत भिजत होता. हाताचं एक बोट सहाव्या स्विचवर टेकलं होतं आणि हात अगदी स्थिर होता. तिसाव्या वर्षी काकांचा असायचा तसा.

"देऊ?"

कानाची झाली, भ्रमाची झाली. काकांनी लेकीकडे पाहिलं. ती श्वास रोखून उभी होती, हनुवटी किंचित वर. सात वर्षांची असताना दिव्याखाली अशीच उभी राहायची. तिला भीती वाटत होती, पण सवय भीतीच्याही आधीची होती. तिसऱ्या हाकेला तिचे ओठ आपोआप उघडणार होते, आणि ते उघडायला काकांनीच शिकवलं होतं.

"देऊ?"

ओठ उघडले. काकांनी आपला उजवा तळवा तिच्या तोंडावर दाबला. तळवा थरथरत होता, तिच्या दातांवर, गालावर. तिने डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या कंपातून तिला जे कळायचं ते कळलं. हे बाबा. ती त्यांच्या हाताआड रडायला लागली, पण बोलली नाही.

आतलं मशीन थांबलं. फ्रिजही थांबला. खिडकीतलं बोट स्विचवरून उचललं गेलं नाही. ते वाट बघत होतं.

७

काकांनी तिला तसंच दाराबाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. जिना उतरताना त्यांनी मागे पाहिलं नाही. चिंगी अनवाणी होती, तिचं मनगट त्यांच्या मुठीत होतं आणि दोघांच्या हातांना एकच कंप होता. त्या कंपाचा इतका आनंद काकांना कधी झाला नव्हता. पोरगी वाचली, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. घर जाऊ दे खड्ड्यात.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना ऐकू आलं. वर, बंद दाराच्या आत, कुणीतरी उत्तर देत होतं.

"द्या, बाबा."

चिंगीचा आवाज होता. आत्ताचा नाही, लहानपणचा. सुट्टीतल्या दुपारचा, लाडात आलेला. दोघंही जागच्या जागी थांबले. मग स्विच दाबल्याचा आवाज आला. जड.

खिशातला फ्यूज एकदम छातीला चटका लागेल इतका तापला आणि लगेच निवला.

काकांनी वर-खाली पाहिलं. काहीच झालं नव्हतं. जिन्यात ऊन होतं, खाली कुणीतरी सायकल उभी करत होतं. काही झालं नाही गं, असं सांगायला ते वळले, तर चिंगी त्यांच्या मुठीकडे बघत होती. त्यांनीही पाहिलं.

हात थरथरत नव्हता.

त्यांनी बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. वर्षभरात गेलेली सगळी ताकद परत आली होती. बारीकातला बारीक स्क्रू आता एका दमात बसला असता. काकांना आत कुठेही वेगळं वाटत नव्हतं. बायको आठवत होती, जोडीदाराची बोटं आठवत होती, दिव्याखाली उभी असलेली चिंगी आठवत होती. पण वर हाका मारणाऱ्यालाही हेच आठवत असेल तर? चाळीस वर्षं त्यांनी हेच सगळ्यांना बजावलं होतं. मधल्या मध्ये टेस्टरच मेला असेल तर काय घ्या.

चिंगीने आपलं मनगट हळूच मागे घेतलं आणि एक पायरी खाली सरकली. मग आणखी एक.

"अगं, मीच आहे," काका म्हणाले.

ती गप्प राहिली.

"मीच आहे, चिंगी."

ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. श्वास रोखलेला, ओठ घट्ट मिटलेले. काकांनी तिच्याकडे आपला स्थिर हात पुढे केला आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं. चिंगीने उत्तर दिलं नाही.